दुसऱ्या बनावटीचे चाक

कोलकात्याच्या मल्लिक बाजारात वाहनांचे जुने सुटे भाग विकले जातात. मोटारसायकलचे चाक निकामी झाले आणि त्याच बनावटीचे दुसरे मिळेना, की ग्राहकाची दृष्टी अन्य बनावटीच्या चाकाकडे वळते. दोन्ही चाकांच्या धावांचा व्यास 18 इंच असला म्हणजे झाले, असा समज असतो. परंतु व्यास ही केवळ पहिली कसोटी होय.

आस तुंब्यातील बेअरिंगांत घट्ट बसला पाहिजे. त्याच्या दोन्ही अंगांच्या नळ्यांची लांबी अशी हवी, की चाक मध्यरेषेतच राहील. मागील दातेरी चक्र इंजिनाकडील चक्राशी एका रेषेत नसेल, तर साखळी झिजते, प्रसंगी निसटते.

सर्वांत मोठा धोका ड्रम ब्रेकचा. त्याची पाटी रोखून धरणारा आधार नव्या चाकाला जुळला नाही, तर ब्रेक दाबताच पाटीच चाकाबरोबर फिरू लागते आणि चाक अकस्मात जखडते. पावसाळी रस्त्यावर ही चूक प्राणघातक ठरू शकते.

म्हणून बाजारात जाताना जुने चाक आस व नळ्यांसह सोबत न्यावे, आणि प्रत्येक माप ताडून पाहूनच सौदा करावा.