अपस्मार आणि एम.आर.आय. : अहवाल हाती घेताना

अपस्माराचा रुग्ण चिकित्सालयात येतो, तेव्हा पुष्कळदा त्याच्यासोबत एम.आर.आय.चा लिफाफा असतो. अहवाल ‘नॉर्मल’ असल्याचे पाहून नातलग विचारतात, ‘वैद्यराज, मग हे झटके अपस्माराचे नव्हेत ना?’ या प्रश्नाचे निःसंदिग्ध उत्तर आपणांस देता आले पाहिजे.

एम.आर.आय. मेंदूची रचना दाखविते. झटका हा विद्युत्क्रियेचा विकार होय. अनेक रुग्णांत, विशेषतः आनुवंशिक प्रकारांत, रचना निर्दोषच असते. चरकाचार्यांनी निदानस्थानाच्या आठव्या अध्यायात वर्णिलेला तमःप्रवेश वा बीभत्स चेष्टा रुग्णास स्वतःस क्वचितच नीट सांगता येतात. प्रत्यक्षदर्शीचा वृत्तांत हाच आजही निदानाचा पाया आहे, व ई.ई.जी. त्यास साहाय्यभूत ठरते.

एम.आर.आय.चे खरे कार्य हेतू शोधण्याचे. अर्बुद, जुन्या आघाताचा व्रण, मेंदूच्या बाह्यस्तरातील जन्मजात रचनादोष आणि आपल्या देशात वारंवार आढळणारी फीतकृमीची कोष्ठे तीत दिसतात. (कोष्ठ वाळून चुनामय झाले असल्यास मात्र सी.टी. स्कॅन अधिक स्पष्ट दाखवितो.) परंतु आमच्या मते सर्वांत मोलाचा शोध हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिसचा. शंखखंडाच्या आतील बाजूस असलेला हिप्पोकॅम्पस येथे आकुंचित झालेला असतो आणि टी-२ व फ्लेअर प्रतिमांत अधिक उजळ दिसतो. नेहमीच्या जाड छेदांत तो सहज निसटतो. म्हणूनच आंतरराष्ट्रीय अपस्मार संघटनेने २०१९ साली हार्नेस ही पद्धती सुचविली : १ मि.मी.चे त्रिमितीय टी-१ व फ्लेअर छेद, आणि हिप्पोकॅम्पसच्या लांबीस काटकोनात घेतलेले टी-२ छेद. चिठ्ठीवर केवळ ‘एम.आर.आय. ब्रेन’ न लिहिता ‘एपिलेप्सी प्रोटोकॉल’ असे लिहावे, व झटक्याचे वर्णनही द्यावे.

एवढा आग्रह कशासाठी? योग्य निवडीची, योग्य मात्रेतील दोन औषधे निष्फळ ठरली, की तो अपस्मार औषधांस दाद न देणारा समजला जातो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅनडातील ८० रुग्णांच्या चाचणीत, शंखखंडाच्या शस्त्रकर्मासाठी नेमलेल्या गटात एका वर्षाअखेर ५८ टक्के रुग्ण भान हरपविणाऱ्या झटक्यांपासून मुक्त होते; केवळ औषधांवर ठेवलेल्या गटात ८ टक्के. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत ही शस्त्रकर्मे १९९५ पासून होत आहेत. पंचगव्यघृत व ब्राह्मीघृत यांविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु झटके चालूच असताना अशा रुग्णास वर्षानुवर्षे केवळ घृतावर ठेवणे आम्हांस मान्य नाही.

औषधालयचालकांनीही एक लक्षात ठेवावे. घृत घेण्यास आलेला ग्राहक ‘गोळ्या बंद केल्या’ असे म्हणाला, तर त्यास त्याच दिवशी चिकित्सकाकडे धाडावे. गोळ्या एकाएकी थांबविल्यास न थांबणारे झटके येऊन प्राणावर बेतू शकते. तपासणीस पाठविताना पेसमेकर, मेंदूतील क्लिप वा कानातील रोपण असल्यास चिठ्ठीवर तशी ठळक नोंद करावी.