जखम आणि दाखला

अमेरिकन यादवी युद्ध (१८६१-६५) म्हटले की लिंकन, गेटिसबर्ग आणि गुलामगिरीचा अंत एवढे आपण परीक्षेपुरते वाचतो. एक पाय गमावून घरी परतलेल्या शिपायाचे पुढे काय झाले, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात येत नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असलेल्या बेळगावात तरी तो परका वाटू नये.

जुलै १८६२ च्या कायद्याने संघराज्याच्या साध्या शिपायास संपूर्ण अपंगत्वाबद्दल दरमहा ८ डॉलर पेन्शन ठरली. १८६६ मध्ये एक हात किंवा एक पाय गेलेल्यास १५ डॉलर मिळू लागले. अपंगत्वाचे माप एकच : माणूस अंगमेहनत कितपत करू शकतो? तुटलेला हात डोळ्यांना दिसतो, त्याबद्दल फारसा वाद होत नसे. खरी पंचाईत होई ती छावणीतील जुनाट अतिसाराने वा संधिवाताने पोखरलेल्या माणसाची. दुखणे सैन्यातच जडले, हे त्यानेच सिद्ध करावयाचे. इस्पितळातील नोंद सापडत नसेल, तर जुन्या सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे मिळवावयाची. आणि सोबती तर निरनिराळ्या राज्यांत पांगलेले. त्यानंतर डॉक्टरांच्या मंडळापुढे उघड्या अंगाने उभे राहावयाचे, आणि त्यांनी ‘अठरा भागांपैकी सहा भाग अपंग’ असा शेरा मारावयाचा! माणसाच्या वेदनेचा अपूर्णांक करणारी ही पद्धत आज क्रूर वाटते. पण दुसरे कोणते माप त्या कचेरीजवळ होते, हेही सांगणे कठीण आहे.

सरकारचा संशय अगदीच निराधार नव्हता. १८७९ च्या कायद्याने मागील थकबाकी एकरकमी मिळू लागली, तेव्हा अर्जांचा पूर लोटला आणि पेन्शनीचे वकील गबर झाले. १८९० मध्ये तर अपंगत्व युद्धातूनच आलेले असले पाहिजे ही अटच गेली. नव्वद दिवसांची नोकरी आणि सन्मानाने मिळालेली मुक्तता पुरेशी ठरली. १८९३ पर्यंत पेन्शनरांची संख्या साडेनऊ लाखांवर पोचली, आणि केंद्र सरकारच्या उत्पन्नाचा सुमारे दोन पंचमांश भाग या एका खात्यावर खर्च होऊ लागला.

कायद्याने काळा-गोरा असा भेद केला नव्हता. तो कागदाने केला. संघराज्याच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय होते, आणि त्यांतील बहुसंख्य गुलामगिरीतून आलेले. त्यांच्या जन्माची नोंद नाही, विवाहाची नोंद नाही. सैन्यात भरती होताना मालकाचे आडनाव लावलेले, आणि युद्धानंतर दुसरेच घेतलेले. मग हा अर्जदार तोच शिपाई कशावरून? गुलामांना मार्ग दाखवून मुक्त करणाऱ्या, युद्धात हेर व परिचारिका म्हणून राबलेल्या हॅरिएट टबमन यांनाही हे चुकले नाही. त्यांचे पती नेल्सन डेव्हिस सैन्यात ‘नेल्सन चार्ल्स’ या नावाने होते. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे त्यांना शपथेवर सांगावे लागले. विधवा म्हणून ८ डॉलर मंजूर झाले ते १८९५ मध्ये. १८९९ मध्ये त्यांच्या स्वतःच्या सेवेचा विचार होऊन ते २० झाले.

अशा प्रकरणांत विशेष तपासनीस गावी जाऊन शेजाऱ्यापाजाऱ्यांचे जबाब घेत. कोणाच्या मळ्यावर जन्मलात, मालक कोण, लग्न कोणी लावले, जखम कोठे झाली? अक्षरओळख नसलेला माणूस उत्तरे देई आणि खाली फुली करी. संशयापोटी लिहिलेले हे जबाब आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ज्यांनी स्वतः एक ओळही लिहिली नाही, त्यांचे बालपण आणि संसार त्यांत सापडतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र ते जपून वाचले पाहिजेत. कारण बोलणाऱ्याला पैशांची गरज होती, आणि लिहिणारा खोटे शोधावयास आलेला होता.

पराभूत दक्षिणेच्या शिपायांना या खात्याचे दार बंदच होते. त्यांची सोय पुढे त्या त्या राज्याने आपापल्या तिजोरीतून केली. उत्तर कॅरोलायनाने १८६६ पासून पेन्शनीऐवजी प्रथम लाकडी पाय दिले.