घाटातील बारी

'घाट' हा शब्द कानी पडला, की परमुलखातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे आमचा नाणेघाट उभा राहतो. सह्याद्रीची ती खिंड, सातवाहनांचे शिलालेख आणि जकातीचा म्हणून दाखवला जाणारा तो मोठा दगडी रांजण. पण जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत चैत्र महिन्यात तुम्हांला कोणी विचारले, "उद्या घाटात येता ना?" तर नाणेघाटाची वाट धरू नका. हा घाट निराळा. गावाबाहेरच्या माळावर, चढाच्या अंगाने आखलेली ही एक धावपट्टी असते. दोन्ही बाजूंना बांध घातलेले, मधली माती भुसभुशीत केलेली, खालच्या टोकाला जुंपणीची जागा आणि वरच्या टोकाला निशाण. या पट्टीवरून बैलगाडे धावतात. एका गाड्याच्या एका धावेला 'बारी' म्हणतात, आणि ती बारा-तेरा सेकंदांत आटोपते. तुमचा बाराचा पाढा म्हणून होण्याच्या आतच म्हणा ना!

एवढ्याशा वेळेसाठी हजारो माणसे उन्हात दिवसभर उभी राहतात. त्यांच्यापैकी मी एक.

2022 च्या चैत्रातली गोष्ट. माझ्या भाच्याचे बैल आंबेगाव तालुक्यातील एका गावच्या यात्रेत धावणार होते. पहाटे साडेचार वाजता त्याचा बारा वर्षांचा मुलगा मला उठवावयास आला. आमची वस्ती मीना नदीकाठी, उसाच्या रानात. अशा वेळी एकट्या मुलाने बाहेर पडू नये, अशी आमच्याकडे सक्त ताकीद असते. कारण उसात बिबट्याचा वावर असतो. तरी हा पठ्ठ्या एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात घुंगरमाळ खुळखुळवीत आला होता. मी रागावलो, तेव्हा म्हणाला, "आजोबा, आवाज असला म्हंजी तो येत नाही." उत्तर चोख होते, तरीही परत जाताना मी त्याच्याबरोबर गेलो.

गोठ्यात चार जनावरे होती. एका कोपऱ्यात म्हातारा सर्जा बसून रवंथ करीत होता. 2013 साली याच सर्जाने तीन घाट गाजवले होते. त्यानंतर त्याच्या खांद्यावर गाड्याचे जू कधी चढले नाही. त्याच्या शेजारी खोंड होता. अजून दुधाचे दात न पडलेल्या अशा खोंडाला आमच्याकडे 'आदत' म्हणतात. दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा. हा आदत त्या मुलाने लहानाचा मोठा केला होता. शाळेतून आल्यावर त्याला नदीवर नेणे, पोहणी लावणे, खरारा करणे, हे सारे त्यानेच केलेले. मात्र त्या मुलाने जन्मात एकही बारी पाहिली नव्हती!

हे कसे, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

11 जुलै 2011 रोजी केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांना खेळासाठी शिकवू नये किंवा त्यांचे खेळ करून दाखवू नयेत, अशा प्राण्यांच्या यादीत बैलाचे नाव घातले गेले. पुढे 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि आपल्याकडील बैलगाड्यांच्या शर्यती बंद झाल्या. न्यायालयाचे म्हणणे असे होते की, बैलाचे शरीर घोड्यासारखे धावण्यासाठी घडलेले नाही; तो ओझे ओढणारा, संथ चालीचा प्राणी आहे; तो धावतो, तो भीतीने आणि वेदनेने. 2017 साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली; परंतु उच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. शेवटी 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नियम पाळण्याच्या अटीवर, शर्यतींना वाट मोकळी करून दिली. दाव्याचा अखेरचा निकाल 18 मे 2023 रोजी लागला आणि पाच न्यायाधीशांच्या पीठाने महाराष्ट्राचा कायदा ग्राह्य ठरवला. आमचा हा चैत्र त्या दोन तारखांच्या मधला. म्हणजे वाट मोकळी झाली होती, परंतु ती कायमची मोकळी झाली की नाही, हे कोणास ठाऊक नव्हते. बंदी आली, तेव्हा हा मुलगा चार वर्षांचा होता.

सूर्य उगवता उगवता आम्ही टेंपोत बैल चढवले. घोड नदीचा पूल ओलांडला, तेव्हा पुढेमागे तसेच टेंपो दिसू लागले. कोणाच्या बैलांवर रेशमी झुली, कोणाच्या शिंगांना गोंडे. बैल बहुतेक खिल्लार जातीचे. सातारा, सांगली आणि सोलापूर या जिल्ह्यांतल्या कोरड्या माणदेशी रानात ही जात वाढली. पांढुरका रंग, लांब मागे वळलेली शिंगे, पातळ कातडी आणि विलक्षण चपळाई. पूर्वी ती नांगराला आणि मोटेला लागे. आता नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला आणि मोटेच्या जागी विजेचा पंप. मग शेतकऱ्याने खिल्लार खोंड कशासाठी पाळावा? शर्यत आहे म्हणून तो पाळला जातो, असे गाडामालक सांगतात, आणि बंदीच्या काळात या खोंडांच्या किमती उतरल्या, असेही सांगतात. हे म्हणणे खोडून काढणे मला जमलेले नाही.

घाटावर पोहोचलो, तो ध्वनिवर्धक सुरू झालेला. निवेदक हा घाटावरचा मोठा मान्यवर माणूस. त्याला शेकडो गाडामालकांची नावे, त्यांच्या बैलांचे गुण आणि मागल्या विजयांच्या कथा तोंडपाठ असतात. गाडा सुटला, की तो "भिर्रर्रर्र" असा आवाज काढतो. तो ऐकून अंगावर काटा उभा राहतो. मी पस्तीस वर्षे वर्गात बोललो. पण एका श्वासात सारा माळ असा ताब्यात घेणे मला साधले नाही.

आता गाडा कसा असतो, ते सांगतो. दोन चाके, हलका सांगाडा आणि लांब दांडी. त्याला चार बैल जुंपतात. एक जोडी गाड्याजवळ, दुसरी तिच्या पुढे. सर्वांपुढे एक घोडी आणि तिच्यावर स्वार. घोडी उधळली, की बैल तिच्या मागे धावतात. आपल्या भागातील घाटाचे वैशिष्ट्य हे की, धावत्या गाड्यावर हाकणारा बसलेला नसतो. सातारा-सांगलीकडच्या सपाट मैदानांवर गाडीवान बसतो आणि अनेक गाड्या एकदम सुटतात. आमच्याकडे एका वेळी एकच गाडा धावतो, आणि त्याची स्पर्धा असते ती घड्याळाशी. ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल, तो 'घाटाचा राजा'.

इंग्लंडमध्ये शेल्सली वॉल्श नावाचे एक लहानसे ठिकाण आहे. तेथे 1905 सालापासून मोटारींची अशीच शर्यत होते. डोंगराच्या चढणीवर 1000 यार्डांचा रस्ता. एका वेळी एकच मोटार आणि तिच्या विरुद्ध घड्याळ. तेथेही जुन्या मोटारी झाडूनपुसून आणतात, आणि म्हातारी माणसे आपल्या नातवंडांना घेऊन कुंपणाशी उभी राहतात. मोटारीचे यंत्र तापले, तर ते थांबवता येते; कोणता भाग झिजला, हे उघडून पाहता येते. बैलाचे तसे नाही. त्याला काय होते आहे, ते त्याच्या डोळ्यांत आणि पायांत वाचावे लागते.

जुंपणीआधी पशुवैद्य प्रत्येक बैल तपासत होते. नियमच तसा आहे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, बैल निरोगी असल्याचा दाखला हवा. काठी, चाबूक, पराणी, विजेचा झटका, यांपैकी काहीही वापरता येत नाही. आमचे पहिले तीन बैल तपासून झाले. चौथा तो आदत. डॉक्टरांनी त्याचा पुढचा उजवा पाय उचलला, खुरावरचा सांधा बोटांनी चाचपला आणि पुन्हा चाचपला. खोंडाने पाय झटकन ओढून घेतला.

"येथे सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "हा आज धावणार नाही."

मुलाचा चेहरा उतरला. भाचा काही क्षण गप्प उभा राहिला. भोवती चार माणसे जमली, त्यांतला एक हळूच म्हणाला, "एवढीशी तर सूज! बारा सेकंदांचा तर खेळ! साहेबांना जरा समजावून सांगा."

बारा सेकंदांचा खेळ! हे शब्द मी पूर्वीही ऐकले होते.

मुलांनो, येथे मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगावी लागते. 1969 साली मी दहा वर्षांचा होतो. आमच्या आजोबांचा गाडा होता. एका यात्रेत आमचा मोत्या पुढच्या जोडीत होता. त्या काळी जुंपणीच्या जागी पराण्या सर्रास चालत. पराणी म्हणजे लांब काठी. तिच्या टोकाला लोखंडी खिळा बसवतात, त्याला आर म्हणतात. गर्दीत कोणीतरी माझ्या हाती पराणी दिली आणि म्हटले, "गाडा सुटताना टोच, बारा सेकंदांचा तर खेळ!" टोकाला आर आहे, हे मला दिसत होते. तरी मी टोचली. आजोबांचा गाडा त्या दिवशी पहिल्या क्रमांकात आला. गुलाल उधळला गेला, आणि मला एका दांडग्या माणसाने खांद्यावर घेतले.

रात्री घरी आल्यावर आजोबांनी मला हाक मारली. मोत्याच्या पुठ्ठ्यावर रक्त सुकले होते आणि त्यावर माश्या बसत होत्या. त्यांनी मला काहीच विचारले नाही. एवढेच म्हणाले, "पाणी गरम करून आण. हळद टाक त्यात." मी ते आणले. त्यांनी फडके माझ्याच हाती दिले. मी जखम पुसू लागलो, तेव्हा मोत्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले आणि नेहमीप्रमाणे माझा दंड चाटला. मला त्याने लाथ मारली असती, तर बरे वाटले असते.

म्हणून न्यायालयाच्या निकालात भीती आणि वेदना हे शब्द वाचले, तेव्हा गावातील पुष्कळांना राग आला, तसा तो मला आला नाही. ते शब्द खोटे आहेत, असे कोणत्या तोंडाने म्हणू?

घाटावर मी भाच्याला यांतले काही बोललो नाही. बोलण्याची गरजही पडली नाही. त्याने खोंडाचा कासरा सोडला, तो मुलाच्या हाती दिला आणि म्हणाला, "घेऊन जा त्याला सावलीला. टेंपोजवळ बांध." मग तो चौथ्या बैलाच्या शोधात निघाला. गाडामालकांत अशा वेळी 'पैरा' करतात. म्हणजे एकाचे बैल दुसऱ्याच्या बैलांबरोबर जुंपायचे. शेतीतही पूर्वी असेच चाले. ज्याच्याकडे एक बैल, तो शेजाऱ्याच्या बैलाशी जोडी जमवी. शेजारच्या गावच्या एका मालकाने आपला चौसा दिला. पण नवख्या बैलाबरोबर पाऊल जमणे ही काही मागून मिळणारी वस्तू नव्हे.

दुपारी दोनला आमचे नाव पुकारले गेले. मी वरच्या टोकाला, बांधाच्या मागे उभा होतो. काही हौशी लोक भर धावपट्टीत उतरून उभे राहतात. तसा वेडेपणा तुम्ही कधी करू नका. तेथे धावत्या गाड्याखाली माणसे सापडलेली आहेत. खाली धूळ उठली. घोडी उसळली. "भिर्रर्रर्र!" चारही बैलांच्या माना एका रेषेत आल्या, आणि पाहता पाहता ते एवढे जवळ आले, की त्यांचा श्वास ऐकू आला. अर्ध्या चढावर नवा चौसा किंचित बाहेरच्या अंगाला ओढला गेला, लगेच सावरला. निशाण पडले. खळ्ळ्खळ् करीत गाडा पुढे गेला, आणि मागे उरला तो भंडाऱ्याचा पिवळा धुरळा.

तेरा सेकंद आणि वर काही शतांश. पहिल्या क्रमांकात आमचा गाडा बसला नाही. भाच्याने चौशाच्या मालकाला नारळ दिला, दोघे हसले, आणि चहा प्यायले. मला मात्र बारी पाहून छाती धडधडल्याचे लपवता येत नव्हते. त्रेसष्टाव्या वर्षीही ती धडधडते. काय करणार!

टेंपोजवळ आलो, तो मुलगा खोंडाच्या गळ्यात हात टाकून उभा होता. खोंडाच्या दाव्याची गाठ करकचून आवळली गेली होती आणि खुंटीभोवतालची माती उकरली होती.

"आजोबा, पुकारा ऐकला आन् ह्यानं दावं ओढलं," तो म्हणाला. "दर बारीला ओढत होता. त्याला पळायचं होतं. पळायचं होतं ना?"

मी खोंडाकडे पाहिले. त्याचे कान घाटाच्या दिशेला ताठ उभे होते आणि नाकपुड्या फुलल्या होत्या. भीतीने बैल असाच दिसतो. हौसेनेही असाच दिसतो. इतकी वर्षे बैलांत काढलेला माणूस मी. पण त्या मुलाला हो किंवा नाही म्हणणे मला जमले नाही.

"पाय दुखतोय का, ते बघ आधी," मी म्हणालो.

तो खाली बसला. त्याने खोंडाचा पाय अलगद आपल्या मांडीवर घेतला. घरी पोहोचेपर्यंत अंधार झाला होता. टेंपोची फळी खाली पडताच तो बैलाच्या आधी उडी मारून उतरला आणि आईला हाक मारीत स्वयंपाकघराकडे पळाला. "पाणी तापव! आन् हळदीचा डबा कुठंय?"