शेजाऱ्यांचा आणि माझा पत्ता एकच कसा?

प्रश्न : माझ्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस १९२.१६८.१.५ असा दिसतो. शेजाऱ्यांच्या फोनमध्ये पाहिलं तर तिथेही हाच! मग त्यांचे मेसेज माझ्याकडे कसे येत नाहीत? दुसरं म्हणजे, परवा वायफायच्या सगळ्या दांड्या दिसत होत्या, पण एकही वेबसाइट उघडेना. भाच्याने वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘डीएनएस’ म्हणून ८.८.८.८ टाकलं आणि सगळं सुरू झालं. हे काय गौडबंगाल आहे?
– एक वाचक, सातारा

उत्तर : हा पत्ता घरापुरताच असतो. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. ते कोणीही आपापल्या घरात वापरावेत, बाहेर इंटरनेटवर ते चालत नाहीत. तुमच्या फोनकडून निघालेल्या प्रत्येक पॅकेटवरचा घरगुती पत्ता राउटर पुसतो आणि स्वतःचा बाहेरचा पत्ता घालतो. कोणत्या फोनने काय मागवलं याची नोंद त्याच्याकडे असते, त्यामुळे उत्तर बरोबर तुमच्याच हातात पडतं. शेजाऱ्यांचा राउटर वेगळा, त्याची वहीही वेगळी. ही सगळी उठाठेव मुख्यतः टंचाईपोटी. जुन्या पद्धतीत जेमतेम ४२९ कोटी पत्ते होऊ शकतात आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११मध्येच वाटून झाले. आयपीव्ही६ या नव्या पद्धतीत पत्त्यांना तोटा नाही, पण जुनी अजून गेलेली नाही.

तो शेवटचा ‘५’ राउटरच देतो. वायफायला जोडल्या जोडल्या फोनला स्वतःचा पत्ता नसतो आणि पत्ता कोणाकडे मागायचा हेही ठाऊक नसतं. म्हणून तो ०.०.०.० या नावापुरत्या पत्त्यावरून सगळ्यांनाच विचारतो, ‘मला कोणी पत्ता देता का?’ राउटर एक पत्ता देऊ करतो, फोन तो मागून घेतो, राउटर पक्का करतो. या व्यवहाराला डीएचसीपी म्हणतात. भाडेकरारासारखी त्याला मुदत असते आणि साधारण निम्मी मुदत सरली की फोन आपणहून ती वाढवून मागतो. याच वेळी राउटर आणखी एक गोष्ट सांगतो : वेबसाइटच्या नावांचे आकडे कोणाला विचारायचे. परवाची गडबड इथली.

आपण नाव टाइप करतो, यंत्रांना लागतो आकडी पत्ता. पूर्वी जोडलेले संगणकच मोजके होते, तेव्हा अमेरिकेत स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सगळ्या नावांची एकच यादी ठेवली जाई आणि बाकीचे ती उतरवून घेत. यादी आवरेना, तेव्हा १९८३मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी काम वाटून देणारी डीएनएस ही व्यवस्था आखली. तुम्ही ‘.in’ने संपणारं नाव टाकलंत, तर इंटरनेट कंपनीचा डीएनएस सर्व्हर आधी ‘रूट’ सर्व्हरला विचारतो. रूटला ती वेबसाइट माहीत नसते. तो ‘.in’ सांभाळणाऱ्यांकडे बोट दाखवतो, ते त्या वेबसाइटच्या सर्व्हरकडे, आणि तिथे आकडे मिळतात. मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतात, नाहीतर दर वेळी एवढी पायपीट कोण करणार!

परवा हा विचारपूस करणारा सर्व्हरच बंद असावा. दांड्या फोन आणि राउटर यांच्यातल्या सिग्नलच्या, त्या पूर्ण दिसणारच. नेटही चालू होतं, फक्त पत्ता सांगणारं कोणी नव्हतं. ८.८.८.८ हा गूगलचा सर्वांसाठी खुला डीएनएस सर्व्हर. भाच्याने विचारायचा माणूस बदलला, एवढंच. आता तुम्ही कोणकोणत्या वेबसाइटची नावं विचारता ते कंपनीच्या सर्व्हरऐवजी गूगलच्या सर्व्हरला कळतं, हेही लक्षात असू द्या.

एक मात्र तपासा. अँड्रॉइडमध्ये असा आकडा टाकण्यासाठी बहुधा ‘आयपी सेटिंग’ डीएचसीपीवरून ‘स्टॅटिक’वर न्यावं लागतं. तसं केलं असेल तर तुमचा ‘५’ कायमचा झाला, पण राउटरला त्याचा पत्ताच नाही! उद्या तो हाच आकडा घरातल्या टीव्हीला देईल आणि दोघांचंही नेट अडखळेल. सेटिंग पुन्हा डीएचसीपीवर न्या. गूगलचाच सर्व्हर हवा असेल, तर तो राउटरच्या सेटिंगमध्ये टाका म्हणजे घरातल्या सगळ्यांना लागू होईल.