कल्ल्यातला किडा काय सांगतो?

ताईंनो, मासा घेताना आपण कल्ला उचलून बघतो. त्याच कल्ल्यावर एक बारीक चपटा किडा आकड्यांनी चिकटून राहतो. दूषित पाण्यातल्या अशा किड्यांचे आकडे कधी वाकडे, कधी तुटके आढळलेत. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात. पण त्यावरून कुठलं रसायन आहे ते कळत नाही, त्यासाठी पाणीच तपासावं लागतं.

आपल्या पवना-इंद्रायणीत सांडपाणी येतं. आळंदीचा फेस सगळ्यांनी पाहिलाय. म्हणून गटाच्या तळ्यात नदीचं पाणी घेण्याआधी ते तपासून घ्या. मासे वर येऊन धापा टाकत असतील, कल्ले फिके पडले असतील, तर मनाने औषध टाकू नका. मत्स्यव्यवसाय विभागाला विचारा. हा किडा माणसाला होत नाही, शिजवल्यावर मरतोही. पण माशात उतरलेलं शिसं-पारा शिजवून जात नाही.