काजूच्या टरफलातील राळ
(द्वितीय वर्ष बी. ए.)

वनस्पतींपासून बनविलेले प्लॅस्टिक म्हटले की ते मातीत मिसळून जाणारच, असा आपणां सर्वांचा समज असतो. वस्तुतः पदार्थ कशापासून जन्मला हा एक प्रश्न आणि त्याचा शेवट कसा होणार हा अगदी दुसरा प्रश्न. ब्राझीलमध्ये २०१० पासून उसाच्या अल्कोहोलपासून पॉलिथिन मोठ्या प्रमाणावर बनते. पण ते खनिज तेलाच्या पॉलिथिनहून तसूभरही निराळे नसते. वितळवून पुन्हा वापरता येते, मात्र रानात पडले तर तसेच पडून राहते. मका किंवा ऊस यांच्या साखरेपासून लॅक्टिक आम्ल व त्याच्या साखळ्या जोडून पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचे प्लॅस्टिक तयार करतात. तेही कुजते ते सुमारे ६० अंश उष्णता राखणाऱ्या खताच्या कारखान्यात. आपल्या परसातल्या उकिरड्यावर त्याला फारशी घाई नसते.

मी कोकणातला. त्यामुळे उसापेक्षा काजूकडे माझे लक्ष अधिक जावे, हे स्वाभाविकच आहे. काजूचे झाड सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. गर आपण खातो, बोंडूची गोव्यात फेणी होते, आणि टरफल? त्याच्या आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक थर असतो व त्यात तपकिरी, दाहक असा चीक भरलेला असतो. टरफलाच्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा तरी हा चीकच असतो. आमच्याकडचे जुने लोक तो होड्यांना व वाशांना वाळवी लागू नये म्हणून फासत.

या चिकात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल असते. ते तापविले की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कार्डनॉल उरते. कार्डनॉल म्हणजे फिनॉलच, फक्त त्याला पंधरा कार्बनांची एक लांब शेपटी आहे. (मी कलाशाखेचा विद्यार्थी, परंतु ही शेपटी लक्षात ठेवली की पुढचे सारे कळते.) लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये फिनॉल व फॉर्माल्डिहाइड यांच्यापासून बेकेलाइट बनविले. फिनॉलच्या जागी कार्डनॉल घेतले तरी तशीच कठीण राळ मिळते आणि शेपटीमुळे ती थोडी लवचीक होते, पाणीही कमी धरते. मोटारींच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगांत व व्हार्निशांत ती पूर्वीपासून वापरली जाते.

मात्र हा चीक फुकट मिळत नाही. वाफेवर शिजविलेल्या बीच्या टरफलात तो बहुतेक तसाच राहतो आणि बी फोडताना हातांवर येतो. माझी आई हेच काम करते. हातापायांनी चालविण्याच्या यंत्रावर बसण्यापूर्वी बायका हातांना तेल व राख चोळतात. तरी बोटे काळी पडतात, कातडी सोलवटते. हातमोजे घातले तर गर तुटतो आणि हाताचा वेग कमी होतो, असे त्या सांगतात; मजुरी किलोवर असते.

आता राळेच्या शेवटाकडे वळू. गूळ तापविला की पुन्हा वितळतो, पण भाजलेले मडके पुन्हा चिखल होत नाही. पॉलिथिन गुळासारखे आहे, तर कार्डनॉलची राळ मडक्यासारखी. तिच्या रेणूंचे धागे आडवेउभे कायमचे बांधले जातात. म्हणजे झाडापासून जन्मलेली असूनही ती एकदा घट्ट झाली की वितळत नाही. वनस्पतिजन्य असण्याचा येथे काहीच उपयोग होत नाही, हे पाहून मला तरी नवल वाटले.

या अडचणीवर २०११ साली पॅरिसमधील लुडविक लाइब्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक तोड दाखविली. एपॉक्सी राळेशी त्यांनी वनस्पती तेलांपासून मिळणाऱ्या मेदाम्लांचा संयोग केला आणि जस्ताचा एक क्षार उत्प्रेरक म्हणून घातला. अशी राळ थंड असता कठीण असते, पण पुरेशी तापविली की तिच्यातील बंध आपापसांत जागा बदलू लागतात. टिपरीच्या खेळात जोडीदार बदलतो, पण रिंगण मोडत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे राळेला नवा आकार देता येतो, तुटलेले तुकडे सांधता येतात. या पदार्थांना व्हिट्रिमर म्हणतात. कार्डनॉलपासूनही असे व्हिट्रिमर प्रयोगशाळांत बनविण्यात आले आहेत.

तेव्हा टरफलाचे सोने झाले असे समजायचे का? माझ्या मते इतक्यात नाही. ब्रेकचे अस्तर घासून घासून धूळ होऊन रस्त्यावर पडते. ती गोळा कोण करणार? जेथे वस्तू शाबूत परत हाती येते, जसे फळ्या, पेट्या, होडीचे पत्रे, तेथेच या नव्या राळेचा लाभ आहे. शिवाय ती महागडी ठरली तर कारखानदार जुनीच राळ वापरणार, हे अर्थशास्त्राच्या तासाला न बसलेल्यालाही कळेल. आणि समजा, राळेला मागणी आली, टरफलाचा भाव वाढला, तरी बी फोडणारीची मजुरी गराच्या वजनावरच मोजतात. टरफलाच्या हिशेबात तिचे नाव नाही. चीक मात्र तिच्याच हातांवर येतो.