आईवडिलांचे घर : अल्प मोबदल्याची खरेदी की बक्षीसपत्र?

उतारवयात आईवडिलांच्या हाती काही रक्कम पडावी आणि वास्तूही कुटुंबातच राहावी, या हेतूने त्यांचे घर मुलाने अथवा मुलीने विकत घेण्याचा विचार अनेक कुटुंबांत होतो. अशा वेळी पूर्ण बाजारभाव मागण्याचा आईवडिलांना संकोच वाटतो व किंमत बरीच कमी ठरते. कायद्याला हे वर्ज्य नाही. मात्र या सवलतीवरील कराचा भार कोणावर पडतो, हे खरेदीखतापूर्वी जाणून घेणे अगत्याचे आहे.

एक उदाहरण

म्हैसूरच्या कुवेंपुनगरात एका निवृत्त गृहस्थांनी २००२ साली स्वकमाईतून ६ लाख रुपयांस घेतलेले घर आहे, असे समजू. महाराष्ट्रात जसा रेडी रेकनरचा दर, तसे कर्नाटकात शासनाचे मार्गदर्शक मूल्य असते. ते येथे ८० लाख रुपये आहे. मुलीला विक्री मात्र ५० लाखांस ठरली.

मुलीला ३० लाखांचा लाभ झाला, तरी आईवडिलांकडून मिळाल्यामुळे त्यावर तिला आयकर नाही. वडिलांची स्थिती निराळी आहे. शासकीय मूल्य मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक असल्यास तेच मूल्य विक्रीची किंमत मानले जाते. हे तत्त्व २००३ पासून लागू असून आयकराच्या २०२५ च्या नव्या कायद्यातही कायम आहे. त्यामुळे नफा ४४ लाख नव्हे, तर ७४ लाख धरला जातो. १२.५ टक्के दराने कर ५.५० लाखांऐवजी ९.२५ लाख होतो. उपकर व अधिभार वेगळे. न मिळालेल्या ३० लाखांवर ३.७५ लाखांचा हा बोजा होय. शिवाय पुढे मुलीने घर विकल्यास तिची खरेदी किंमत ५० लाखच धरली जाते; म्हणजे त्याच ३० लाखांवर पुन्हा कर संभवतो.

मुद्रांक शुल्कही ८० लाखांवरच आकारले जाते. खरेदीदाराने १ टक्का आयकर कापून भरावयाचा, तोही ८० लाखांवर, म्हणजे ८०,००० रुपये.

बक्षीसपत्राचा मार्ग

आईवडिलांना रकमेची गरज नसेल, तर नोंदणीकृत बक्षीसपत्र सरळ ठरते. त्यावर त्यांना भांडवली नफ्याचा कर लागत नाही आणि कर्नाटकात कुटुंबातील बक्षीसपत्रास अल्प, ठरावीक मुद्रांक शुल्क आहे. रकमेची गरज असेल, तर घराचा काही अविभक्त हिस्सा शासकीय मूल्याने विकून उरलेला बक्षीस देता येतो. वरील उदाहरणात पाच अष्टमांश हिस्सा ५० लाखांस विकल्यास वडिलांचा कर सुमारे ५.७८ लाखांवर येतो. यासाठी कर सल्लागाराचे मत अवश्य घ्यावे.

आईवडिलांची सुरक्षितता

कर वाचला, पण निवारा गेला, असे होता कामा नये. ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणविषयक २००७ च्या कायद्यानुसार, सांभाळाच्या अटीवर केलेले हस्तांतरण ती अट न पाळल्यास न्यायाधिकरण रद्दबातल ठरवू शकते. ही अट दस्तात स्पष्ट असणे इष्ट, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निर्णयावरून दिसते. हयातभर राहण्याचा हक्कही लेखी नमूद करावा.

घर वडिलोपार्जित असल्यास इतर वारसांचे, मुलींसह, हक्क आधी तपासावेत. स्वकष्टार्जित घरास भावंडांची संमती लागत नाही. तरी त्यांना पूर्वकल्पना दिल्यास पुढील कलह टळतो.

गृहकर्ज घेताना

खरेदीची रक्कम आईवडिलांच्या खात्यात प्रत्यक्ष जमा व्हावी. रोखीचा व्यवहार नसावा. कर्जाची मर्यादा ठरविताना बँका सामान्यतः करारातील किंमत व मूल्यांकन यांतील कमी रक्कम धरतात. म्हणून मूळ दस्त, बोजा प्रमाणपत्र व ई-खाता घेऊन शाखेत आधी चर्चा करावी. मायेने दिलेली सवलत जन्मदात्यांवर कराचा बोजा होऊन पडू नये, एवढी दक्षता मुलांनी घेतलीच पाहिजे.